ब्रह्मी, बर्मी की म्यानमारी?

परक्या देशातील लोकांना काय म्हणावे, हा प्रश्न वरकरणी कोशकाराचा वाटतो. प्रमाण रूप निश्चित केले, लेखनाचा नियम ठरविला, की तो सुटला असे मानले जाते. वस्तुतः अशी प्रत्येक संज्ञा ज्यांचा निर्देश करते त्यांच्याइतकीच निर्देश करणाऱ्याच्या स्थानाविषयीही बोलत असते. मुचकुंदीच्या मुखावरील पूर्णगडासारख्या किल्ल्यांवरून समुद्र न्याहाळणाऱ्या मराठीने परदेशीयांना दिलेली नावे या दृष्टीने बोलकी आहेत. 'आज्ञापत्रा'त फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार असे भेद केलेले आहेत. तरीही ही सारी मंडळी 'टोपीकर' या एकाच संज्ञेखाली येतात. 'फिरंगी' हा मुळात फ्रँकांचा वाचक शब्द. अरबी-फारसीतून तो आला आणि पोर्तुगीजांना चिकटला. 'इंग्रज' आणि 'वलंदेज' ही रूपे पोर्तुगीजांच्या तोंडची. म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेले नावच मराठीने उचलले. अर्थात टोपीकरांच्या पाठीशी आरमार होते. कोकणात त्यांना काय म्हणतात याने त्यांचे काही बिघडत नव्हते.

ज्याच्या पाठीशी आरमार उरलेले नाही अशा परक्याची गोष्ट निराळी. पूर्णगडाच्या उत्तरेस, त्याच तालुक्यातील रत्नागिरी शहरात 1886 साली असा एक परका आणला गेला. मंडालेच्या सिंहासनावरून इंग्रजांनी आदल्या वर्षी पदच्युत केलेला थिबा राजा 1916 च्या डिसेंबरात तेथेच वारला. गावाने त्याच्या देशाच्या नावाची फारशी चिकित्सा केली नाही. 'थिबा राजा' एवढे पुरले, आणि पुढे वाड्यालाही त्याचेच नाव राहिले. त्याची एक नात रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली आणि तेथेच वृद्ध होऊन वारली. तिला ब्रह्मी म्हणावे की रत्नागिरीकर, हा प्रश्न कोणत्याही कोशाच्या साहाय्याने सुटणारा नाही.

मराठीत या देशाला दीर्घकाळ 'ब्रह्मदेश' म्हटले गेले. रत्नागिरीत जन्मलेले टिळक 1908 ते 1914 या काळात मंडालेच्या तुरुंगात होते, तेव्हा मराठी वाचकाच्या मनात हे नाव अधिकच दृढ झाले. त्यावरून 'ब्रह्मी', आणि इंग्रजीच्या वळणाने 'बर्मी'. 1989 साली तेथील लष्करी राजवटीने देशाचे इंग्रजी नाव बदलले, आणि मराठी वृत्तपत्रांत हळूहळू 'म्यानमार' व 'म्यानमारी' रूढ झाले. जुने नाव वसाहतकालीन आणि नवे देशी, अशी या बदलाची सोपी मांडणी केली जाते. ती टिकत नाही. त्या भाषेत 'म्यन्मा' हे ग्रांथिक आणि 'बमा' हे बोलीतले रूप असून दोन्ही एकाच नावाची रूपे आहेत. शिवाय 'म्यानमार'मधील अखेरचा 'र' तेथे उच्चारला जात नाही. इंग्रजी लेखनात तो दीर्घ स्वर दाखविण्यापुरता आहे. मराठीने तो अक्षरशः वाचला. देशी म्हणून स्वीकारलेले नाव अशा रीतीने इंग्रजी वर्णविन्यासातूनच आले, तर टाकून दिलेल्या 'ब्रह्मदेश'ला निदान संस्कृताचे वळण होते.

तथापि खरा वाद उच्चाराचा नाही. 'म्यानमार' या नावात सर्व जमाती सामावतात, असे राजवटीचे म्हणणे. करेन, शान, काचिन, मोन यांच्यातील अनेकांना मात्र ते बहुसंख्य बमारांचेच नाव वाटते. ज्याला सर्वसमावेशक म्हणावयाचे, त्या नावाविषयी समावेश होणाऱ्यांना कधी विचारलेच नव्हते.

नाव नाकारण्याचा अधिकार नसणे म्हणजे काय, हे रोहिंग्यांच्या बाबतीत सर्वाधिक उघड होते. ते स्वतःला रोहिंग्या म्हणतात; शासन त्यांना 'बंगाली' म्हणते. 1982 च्या नागरिकत्व कायद्याने बहुतेकांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. 2014 च्या जनगणनेत स्वतःची नोंद 'रोहिंग्या' म्हणून करू पाहणाऱ्यांना मोजलेच गेले नाही. 2017 नंतर सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात गेले. येथे परसंज्ञा ही केवळ दृष्टी राहत नाही; ती सीमेचे काम करते.

हे वाचताना मराठी वाचकाने आपण केवळ प्रेक्षक आहोत असे समजू नये. त्याच देशात भारतीयांना मराठी कानाला 'कला' असा ऐकू येणारा शब्द लावला जातो. तो तमिळ, बंगाली, मराठी असा भेद करीत नाही. पश्चिमेकडून आलेल्या सर्वांचा तो वाचक होता, युरोपीयांना त्यातच 'गोरे' हे विशेषण जोडले गेले. रचनेच्या दृष्टीने तो 'टोपीकर'चा सख्खा भाऊ. पण तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना तो झोंबतो, आणि 2020 साली आपल्याला असे म्हणू नये अशी मागणी त्यांनी जाहीरपणे केली. शब्दाची व्युत्पत्ती निरुपद्रवी आहे, हे उत्तर त्यांना पुरे पडले नाही. पडण्याचे कारणही नव्हते.

तेव्हा 'ब्रह्मी', 'बर्मी' आणि 'म्यानमारी' यांपैकी शुद्ध कोणते, हा विवाद दुय्यम ठरतो. तिन्ही रूपे उसनी आहेत आणि तिन्ही चालतील. लिहिणाऱ्याने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे: ज्याला हे नाव लावले जात आहे त्याला 'हे माझे नाव नव्हे' असे म्हणता येते काय, आणि म्हटल्यावर त्याचे नागरिकत्व शाबूत राहते काय?