मोतीला धावायला जागा हवी

आमच्या गावच्या घरी कुत्रा 'पाळणं' हा प्रकारच नव्हता. अंगणात सुणें असायचं, एवढंच. उरलंसुरलं खायचं, दिवसभर भाटात माडांखाली उंडारायचं आणि रात्री पायरीवर झोपायचं. साखळी नाही की पट्टा नाही. आता मी पणजीत दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या मोतीचं राज्य म्हणजे दोन खोल्या नि एक गॅलरी.

त्याला न्यावं तरी कुठे? बागेच्या फाटकावर कुत्र्यांना मनाईची पाटी. (दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना मात्र आपण रोज हात जोडतो!) दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मिरामारच्या वाळूत मी त्याचा पट्टा सोडला. मोती सुसाट धावला तो थेट किल्ला करत बसलेल्या एका लहान मुलाच्या अंगावर. चावला नाही, खेळायलाच गेला होता. पण ते त्या पोराला कसं कळावं? किंचाळत पडलं बिचारं. त्याची आई मला जे बोलली ते मी मुकाट्याने ऐकून घेतलं. चूक माझीच होती. त्यानंतर पट्टा सोडलेला नाही, आणि मोती मनसोक्त धावलेलाही नाही.

मागे हैदराबादला भाच्याकडे गेलो तेव्हा त्याने कोंडापूरचं श्वान-उद्यान दाखवलं. तिथल्या महानगरपालिकेने २०१८ साली एक कोटीहून अधिक खर्च करून, सव्वा एकराच्या आसपास जागेवर ते उभारलं. पूर्वी तिथे कचरा पडायचा म्हणे. कल्पना तशी नवी नाही. अमेरिकेत बर्कली शहरात असं उद्यान १९७९ पासून आहे.

आता तुम्ही म्हणाल, इथे माणसांना चालायला पदपथ नाहीत आणि ह्यांना कुत्र्यांसाठी बाग हवी, तीही आमच्या करातून! राग समजू शकतो. पण गोव्यात कुत्र्यांना रेबीजची लस टोचायला सरकारने पैसा दिलाच ना? २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, त्याचा फायदा कुत्र्यांपेक्षा माणसांनाच अधिक. हेही तसंच आहे. मिरामारचा तो मुलगा कुत्रा पाळणाऱ्यांपैकी नव्हता.

आणि कोटभर रुपये हवेत कुणाला? अर्धा एकर पडीक जमीन, उंच कुंपण, पाण्याचा नळ, थोडी सावली पुरे. फाटकं मात्र एकामागे एक दोन हवीत. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, म्हणजे कुत्रा रस्त्यावर निसटत नाही. लसीचा दाखला नसेल तर प्रवेश नाही. रोजच्या देखभालीसाठी आम्हा मालकांकडून परवान्याची फी घ्या, आम्ही कुरकुरणार नाही. जमीन आणि कुंपण मात्र पालिकेनेच द्यावं. खासगी क्लब काढला तर पैसेवाल्यांची कुत्री तिथे जातील आणि बाकीची पुन्हा किनाऱ्यावर.

गेल्या आठवड्यात असा अर्ज लिहून मी शेजारीपाजारी सह्यांसाठी फिरलो. कुत्रेवाल्या दोघांनी "बघूया" म्हणून टाळलं. खालच्या मजल्यावरच्या मावशी मोतीला इतक्या भितात की तो जिन्यात दिसला तर दार लावून घेतात. त्यांनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला, "तिथे ह्याला रोज नेशील ना रे?" एवढंच विचारलं, आणि पहिली सही केली.