आमचा कॅमकॉर्डर

ज्यानें उभा जन्म खडू आणि फळा यांच्या सहवासांत घालविला, त्यानें साठी उलटल्यावर कॅमकॉर्डरच्या दुकानाची पायरी चढावी, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. कारण आमची नात. ती आमच्याजवळ राहते आणि मॅटवरची कबड्डी खेळते. आईबाप मस्कतास. यंदां दहावी, सबब खेळ बंद करावा, असें चिरंजिवांचें मत. त्यानें तिचा एकही सामना पाहिलेला नव्हता, म्हणून आम्हीं एक सामना मोबाइलवर टिपून धाडला. लागलीच फोन आला, "अण्णा, यांत आपली कोणती?"

प्रश्न रास्त होता. सभागृहांत डोळ्यांस लख्ख वाटणारा उजेड यंत्रास तिन्हीसांजेसारखा असतो; चढाई करणारी मुलगी हलली कीं तिचें धुकें होतें.

दुकानदारानें प्रथम शेंकडों पटींच्या डिजिटल झूमचें माहात्म्य वर्णिलें. हा झूम म्हणजे आहे तेंच चित्र ताणून मोठें करणें! आम्हांस हवा होता प्रकाश. म्हणजे सेन्सर मोठा आणि भिंगाचें छिद्र रुंद. भिंगाचा खरा झूमदेखील लांबविला कीं बहुतेक यंत्रांत छिद्र अरुंद होतें. तेव्हां गॅलरींत बसण्यापेक्षां तिपाई घेऊन मैदानाजवळच बसावें. मुलींचें मैदान १२ मीटरांहून लांब नसतें. साधा कॅमेरा स्वस्त पडता. परंतु कित्येक कॅमेरे अर्ध्या तासाच्या सुमारास चित्रण आपोआप थांबवितात, आणि १५ मिनिटांचे दोन डाव व मधली विश्रांति धरतां सामन्याचा शेवटच हातचा जावयाचा.

दुकानदार भला गृहस्थ. त्यानें यंत्र एक संध्याकाळ सभागृहांत नेऊं दिलें. तेथें नवेंच कोडें. धुकें जावें म्हणून शटर १/२५० सेकंदावर नेलें, तों चित्रावर काळे पट्टे सरकूं लागले. आपली वीज ५० आवर्तनांची. तिच्यावरील पुष्कळ दिवे सेकंदास १०० वेळां मंद-प्रखर होतात. शटर १/१०० वर आणतांच पट्टे गेले, धुकेंही बरेंच निवळलें. खरेदी ठरली.

खरी परीक्षा पुढें, संपादनांत. घरचा जुना संगणक एकेका दृश्यास धापा टाकी. या फितींत प्रत्येक चित्र पूर्ण नसतें. मागील चित्राहून जेवढें बदललें तेवढेंच बहुधा लिहिलेलें असतें. पाणिनीच्या सूत्रांतील अनुवृत्तीच म्हणा ना! मागचें पद पुढें ओढून घेतल्याविना पुढच्याचा अर्थ लागत नाहीं. मग आम्हीं फीत आधीं संपादनास सुलभ अशा रूपांत उलगडून घेतली. जागा कितीतरी पट लागली, पण काम चालूं लागलें.

आम्हीं तिच्या यशस्वी चढायाच तेवढ्या ठेवल्या होत्या. ती म्हणाली, "आजोबा, मी बाद झाले तेही ठेवा. नाही तर बाबांना खोटं वाटेल." ठेवलें.

दोन दिवसांनीं चिरंजिवांचा फोन. सगळी फीत त्यानें दोनदां पाहिली होती. म्हणाला, "अण्णा, बाद झाल्यावर ती डावा गुडघा धरून का उठली?"

आम्ही मैदानापासून चार हातांवर होतों. आमच्या तें ध्यानांत आलें नव्हतें. नातीस विचारलें, तर तिनें खालीं पाहिलें. महिनाभर दुखत होता म्हणे. सकाळीं तिला घेऊन डॉक्टरांकडे जावयाचें आहे. खेळाविषयीं चिरंजीव अद्याप कांहींच बोललेला नाहीं.