म्हणे, साधं व्हॅनिला!

आइस्क्रीमच्या दुकानात मी नेहमी नाक मुरडायचो. "व्हॅनिला? छे, ते तर साधं!" एकदा घरातल्या इसेन्सच्या बाटलीवर 'कृत्रिम' हा शब्द दिसला. मग खरं व्हॅनिला कसलं असतं, ते शोधायला पुस्तकं उघडली आणि माझी मलाच लाज वाटली.

खरं व्हॅनिला म्हणजे एका ऑर्किडच्या वेलाची शेंग. मेक्सिकोत पापांतला गावाच्या आसपास टोटोनाक आदिवासी शेतकरी पिढ्यान् पिढ्या हा वेल लावत आले आहेत. त्यासाठी ते सगळं रान साफ करत नाहीत, बरं का! आपल्या कोकणात मिरीचा वेल पोफळीवर चढतो ना, तसा हा रानातल्या झाडांवर चढतो. त्याला आधार हवा, अर्धी सावली हवी, मुळांशी कुजलेला पाला हवा. झाडं तोडली की वेलही गेला.

फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी कोमेजतं. तेवढ्यात बारीक काडीने एकेका फुलाचं परागीकरण करायचं! ही युक्ती १८४१ मध्ये दूरच्या रेयुनियाँ बेटावर एडमंड आल्बियसने शोधली. तो गुलाम होता, वय अवघं १२ वर्षं. पुढे शेंग पिकायला सुमारे नऊ महिने. हिरव्या शेंगेला वास नसतो. कित्येक आठवडे ऊन दाखवून, गुंडाळून ठेवल्यावर तो दरवळतो.

कृत्रिम वास मात्र स्वस्त. शेंगेला भाव नसेल, तर रान राखणं शेतकऱ्याला कसं परवडणार? तिथे कितीतरी ठिकाणी रानाच्या जागी संत्र्याच्या बागा आणि गुरांची कुरणं आलीच आहेत.

आता 'साधं व्हॅनिला' म्हणताना माझी जीभ अडखळते. तुमची?