टाकीच कळवते, टँकर पाठवा!

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, जाळीच्या कुंपणात ती उंच पांढरी टाकी असते ना, तिच्यात उणे १८३ अंशांच्या आसपासचा द्रवरूप ऑक्सिजन असतो, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. पण आपल्यात किती उरलंय हे ती टाकीच परस्पर पुरवठादाराला कळवते, हे परवा तिथल्या टेक्निशियनदादांकडून कळलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय!

मुळात पातळी मोजायची कशी? टाकीला दोन भिंती, मधे निर्वात पोकळी आणि पर्लाइटची भुकटी. आतलं काही दिसायची सोयच नाही. उत्तर ऐकून मी तिथंच टाळी दिली. एक बारीक नळी तळाशी, एक माथ्याशी. माथ्याच्या नळीत नुसता वायूचा दाब. तळाच्या नळीत तोच दाब, वर द्रवाच्या वजनाचा भार. वजाबाकी केली की द्रवाची उंची हातात! एक मीटर द्रवाने पडणारा फरक हवेच्या दाबाच्या जेमतेम नवव्या हिश्शाएवढा. टाकीत त्याच्या कितीतरी पट दाब कोंडलेला असताना एवढासा फरक पकडायचा, म्हणजे कमालच.

हा फरक दाखवणारी डायल टाकीवर पूर्वीपासून आहेच. नवा आहे तो तिच्याशेजारचा डबा. त्यात सेन्सर, बॅटरी आणि आपल्या मोबाइलमध्ये असतं तसलंच सिम. ठरावीक वेळाने आकडा जातो आणि पातळी फार उतरली की इशारा.

टेक्निशियनदादांनी फोनवर आलेख दाखवला. “हा उतार बघा, तेव्हा आयसीयू भरलं होतं.” मधेच रेघ सरळ उभी चढते, तो टँकर आल्याचा क्षण! उताराची रेघ पुढे वाढवली की टाकी राखीव पातळीला कधी टेकेल ते दिसतं. मग त्याच रस्त्यावरच्या इतर टाक्यांचे आकडे बघून एकाच फेरीत कुठे किती उतरवायचं ते ठरतं. एक लिटर द्रवाचा सुमारे साडेआठशे लिटर वायू होतो. असा माल अंदाजावर कसा सोडायचा?

एप्रिल २०२१ मधली कोरोनाची लाट आठवतेय? कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला नेले, भरून नागपूर-नाशिकला आणले. तेव्हा टँकर कुठवर आला, हे अख्खा महाराष्ट्र विचारत होता. कुठल्या टाकीत किती तास उरलेत, हा प्रश्नही तितकाच जीवघेणा होता.

रेंज जाते, बॅटरी संपते. म्हणून डायल बघून वहीत नोंद करायची आणि जम्बो सिलिंडरची पर्यायी रांग जोडलेली ठेवायची, हे दादांनी बजावलंच. बरोबरच आहे.

तुम्ही एखाद्या इस्पितळाच्या विश्वस्त मंडळावर असाल, तर ऑक्सिजनचा पुढचा करार करताना पुरवठादाराला नुसता दर विचारू नका. टाकीवर हा डबा आहे का आणि त्याचा आलेख आपल्या माणसांनाही दिसेल का, हेही विचारा.