माळ्यावरची बारोलो

रेड वाइन जितकी जुनी तितकी चांगली, आणि उघडल्यावर तिला जितकी जास्त हवा लागेल तितकी ती खुलते, या दोन समजुतींवर मी बरीच वर्षं चालले. दोन्हींत तथ्य आहे, पण ते ठरावीक वाइनपुरतं आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा मी कधी विचारली नाही. त्यापायी ज्या बाटल्या वाया गेल्या त्यांतल्या काही माझ्या होत्या, काही दुसऱ्यांच्या. दुसऱ्यांच्या बाटल्यांचं आजही जास्त वाईट वाटतं.

सगळ्यात महागात पडलेली चूक बारोलोची. माझे दीर इटलीत तुरीनला नोकरीला होते. पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी 2004 सालची बारोलो आणली. तुरीनच्या दक्षिणेला लांगे नावाच्या टेकड्या आहेत, तिथल्या नेब्बिओलो द्राक्षाची ही वाइन. रंगाला फिकी, पण आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही जबरदस्त. तिथल्या कायद्याने ती किमान 38 महिने मुरवल्याशिवाय विकताच येत नाही आणि त्यातले 18 महिने लाकडी पिंपात जावे लागतात. दीर म्हणाले, "वहिनी, घाई करू नका. ही आणखी दहा वर्षं सहज टिकेल." मी ते शब्दशः घेतलं. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पुण्याच्या आमच्या फ्लॅटमधल्या माळ्यावर आडवी ठेवून दिली. आडवी ठेवायची असते, म्हणजे बूच ओलं राहतं, हे मला ठाऊक होतं. तेवढं एक ठाऊक असल्यामुळे बाकीचंही आपल्याला कळतं असं वाटलं. घरात लोणचं-मोरांबा दुसऱ्या वर्षी जास्त चांगला लागतो हे लहानपणापासून पाहिलेलं, तेव्हा वाइनचंही तसंच असणार, हे मनात पक्कं होतं.

सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ती बाटली खाली काढली. वरचं वेष्टण कापतानाच हाताला चिकट लागलं. बूच काचेच्या कडेच्या वर किंचित आलेलं होतं आणि त्याच्या बाजूने वाइन झिरपून वाळलेली होती. ओतली तर रंग विटकरीच्याही पलीकडे, जवळजवळ कोऱ्या चहासारखा. नेब्बिओलोला गुलाबाचा आणि डांबराचा वास असतो असं म्हणतात, त्यासाठीच लोक इतकी वर्षं थांबतात. माझ्या पेल्यातून शिजवलेल्या मनुकांचा वास येत होता. चवीला कडेकडेने आंबट, मध्ये काहीच नाही. सासरे "छान आहे" म्हणाले आणि पेला बाजूला ठेवून जेवायला लागले. दीर काही बोलले नाहीत. त्यांनी ती बाटली पगारातून पैसे बाजूला काढून घेतली होती हे मला नंतर जावेकडून कळलं.

काय झालं होतं ते समजून घ्यायला मी नंतर बरंच वाचलं. तरुण रेड वाइनमधली टॅनिन्स आणि रंगद्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना जोडली जातात, मोठी होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळा रंग विटकरीकडे झुकतो, तुरटपणाची धार कमी होते, फळाच्या थेट वासाची जागा सुक्या पानांचे, चामड्याचे, ओल्या मातीचे वास घेतात. हे सगळं सावकाश झालं तरच गोडी येते. त्यासाठी 12 ते 14 अंश तापमान लागतं, अंधार लागतो, आणि मुख्य म्हणजे तापमानात चढउतार चालत नाहीत. तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात. पण सगळ्याच क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत, म्हणून उष्णतेत ठेवलेली वाइन लवकर पिकते असं होत नाही, ती वेगळीच काहीतरी होते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बाहेर 38-40 अंश असतात आणि स्लॅबखालचा माळा ही घरातली सगळ्यात तापणारी जागा. दिवसा वाइन प्रसरण पावून बूच वर ढकलते, रात्री आकसताना फटीतून हवा आत ओढते. इतके उन्हाळे हे चालू होतं. तळघर नसलेल्या घरात मी तळघराचं काम माळ्यावर सोपवलं होतं.

याच काळात नाशिकच्याही काही बाटल्या "ठेवल्या" होत्या. त्यांच्या बाबतीत चूक आणखी मुळातली होती. त्या कितीही थंड जागी ठेवल्या असत्या तरी बहुतेकींचं काही भलं झालं नसतं. नाशिकच्या बागेत एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा संपताना गोडी छाटणी होते, आणि वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. म्हणजे फळ पक्व होतं ते वाढत्या उन्हात. साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो. त्यातून भरदार, फळाच्या चवीची, लगेच पिण्याजोगी शिराझ होते आणि ती मला मनापासून आवडते. काही उत्पादक पिंपात मुरवून टिकाऊ वाइनही करतात, त्या चार-पाच वर्षं चांगल्या राहतात. पण दुकानात हजाराच्या आत मिळणारी बाटली दोन-तीन वर्षांत पिऊन टाकावी अशीच केलेली असते. जगातल्या बहुतेक सगळ्या वाइनची हीच गोष्ट आहे. मी बोर्दो आणि बारोलोबद्दल वाचलेले नियम दिंडोरीच्या साध्या शिराझला लावत होते, आणि तिचं ताजेपण, जे तिचं खरं धन, तेच घालवत होते.

आता हवेचं. पाहुणे यायच्या दोन तास आधी बूच काढून बाटली टेबलावर ठेवायची, म्हणजे वाइन "श्वास घेते", हे मी इतक्या आत्मविश्वासाने करायचे की दुसऱ्यांनाही शिकवलं. बाटलीच्या गळ्याचं आतलं तोंड दोन सेंटीमीटरहून कमी. हवेला भिडते ती तेवढीच चकती. तीच वाइन 18 सेंटीमीटर रुंद पोटाच्या काचेच्या सुरईत ओतली तर उघडा पृष्ठभाग ऐंशी पटींहून जास्त होतो, आणि ओतताना धार फुटून जी हवा मिसळते ती वेगळीच. तेव्हा नुसतं बूच काढून ठेवणं म्हणजे काही न करणं. तरीही दोन तासांनी पहिल्यापेक्षा बरी लागायची, कारण पेल्यात घेऊन लोक ती हलवत होते, सोबत चीज किंवा मटण आलेलं होतं, आणि जिभेला तुरटपणाची सवय झालेली होती. श्रेय मी बाटलीला देत होते.

मग मी सुरई विकत घेतली आणि उलट्या टोकाला गेले. मुंबईतल्या एका स्नेह्यांकडे खास वाइनसाठीचा फ्रिज आहे. त्यांनी जुनी रिओहा ग्रान रेसेर्वा जपून ठेवलेली होती. स्पेनमधली ही वाइन बाजारात येण्याआधीच किमान पाच वर्षं जुनी असते, त्यातली निदान दोन वर्षं ओकच्या पिंपात गेलेली. ही तर त्यानंतरही बाटलीत बरीच वर्षं राहिलेली. त्यांनी विश्वासाने मला विचारलं, कधी उघडायची? मी म्हटलं, दुपारीच सुरईत ओतून ठेवा. ओतली तेव्हा जो वास आला तो मला अजून आठवतो: वाळलेली संत्र्याची साल, तंबाखू, जुन्या सागवानी कपाटाचं दार उघडल्यावर येतो तसा कोरडा गोडसर लाकडी वास. जेवायला बसेपर्यंत त्यातलं काही उरलं नव्हतं. जुन्या वाइनचे वास नाजूक असतात, ते उडून जातात, आणि तिच्यात ऑक्सिजनला तोंड द्यायला फारसं काही शिल्लक नसतं. बोर्दोचे वाइनतज्ज्ञ एमिल पेनो यांचं याबद्दलचं मत ठाम होतं: गाळ असेल तरच सुरईत ओता, आणि तेही वाढायच्या अगदी आधी. मी ते वाचलं तोवर रिओहा संपलेली होती. जुन्या बाटलीला सुरई लागते ती गाळ वेगळा करायला. आदल्या दिवशी बाटली उभी करायची, गळ्याखाली मेणबत्ती धरून सावकाश ओतायची, आणि काळी रेघ गळ्यापाशी आली की थांबायचं. त्यात हवा लागते तो नाइलाज असतो.

हवा खरोखर जिथे हवी होती तिथे मात्र मी दिली नाही. फिरकीच्या झाकणाची एक तरुण शिराझ उघडली आणि काडी विझवल्यासारखा, किंचित सडक्या अंड्याकडे झुकणारा वास आला. खराब आहे असं ठरवून मी ती सरळ मोरीत ओतली. हा वास गंधकाच्या संयुगांचा. फार कमी ऑक्सिजनमध्ये राहिलेल्या वाइनमध्ये तो साचतो, आणि फिरकीच्या झाकणातून हवा बुचापेक्षा कमी जात असल्याने तिथे तो जास्त भेटतो. बहुतेक वेळा सुरईत जोरात ओतून दहा-वीस मिनिटं ठेवली की तो निघून जातो. नाही गेला तर स्वच्छ तांब्याचा चमचा पेल्यात क्षणभर फिरवायचा. तांबं त्या गंधकाला धरून ठेवतं. पण चमचा आत ठेवून द्यायचा नाही. आंबट पदार्थ तांब्याच्या भांड्यात कळकतो हे आपल्या घरांत कुणाला सांगायला नको, आणि वाइन पुरेशी आंबट असते.

याच्या अगदी उलट चूक बुचाच्या वासाची. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीतल्या बुरशीचा वास आला तर तो ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाच्या रसायनाचा असतो. ते एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. एका पाहुण्याने आणलेली बाटली अशी निघाली. "थोडी हवा लागू द्या, खुलेल" असं म्हणून मी सगळ्यांना तासभर थांबवलं. हवेने तो वास जात नाही, उलट बाकीचे वास उडाले की तोच जास्त जाणवतो. अशी बाटली दुकानात परत न्यायची असते. पाहुण्याला त्या रात्री वाटलं की आपण हलकी वाइन आणली. माझ्या एका वाक्याने तो गैरसमज दूर झाला असता, आणि ते वाक्य मला येत नव्हतं.

तापमानाचं थोडक्यात सांगते. "रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी" हा सल्ला युरोपातल्या थंड खोल्यांचा, म्हणजे 16 ते 18 अंशांचा. आपल्याकडे 32 अंशांची शिराझ दारूच्या वाफेने नाकात जाते आणि फळ दबून जातं. आता मी पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवते.

हल्ली कुठलीही रेड उघडली की आधी थेट बाटलीतून थोडी पेल्यात घेते, वास घेते, एक घोट घेते, आणि मग ठरवते की हिला सुरई हवी की नुसता मोठा पेला पुरे. निम्मी बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवते आणि दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा चाखते. दुसऱ्या दिवशी सुधारली, तिसऱ्या दिवशीही उभी असली, तर तिच्यात काही वर्षं काढायची ताकद असण्याची शक्यता बरी. दुसऱ्याच दिवशी सपाट पडली तर तिला थांबवण्यात अर्थ नाही. ही काही पक्की परीक्षा नव्हे, फ्रिजमधले दोन दिवस म्हणजे तळघरातली दहा वर्षं नव्हेत. पण माळ्यावर ठेवून वाट बघण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने नाशिकच्या कॅबर्नेची पेटी मुलाच्या लग्नासाठी ठेवल्याचं सांगितलं. त्यातली एक मी मागून घेतली. पहिल्या संध्याकाळी काळ्या जांभळासारखी रसरशीत, सोबत ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास, तुरटपणा मऊ. दुसऱ्या दिवशी फळ ओसरलेलं. तिसऱ्या दिवशी आंबट पाणी. मी त्याला फोन करून सांगितलं, "दादा, या वाइनला थांबवू नकोस, आत्ता तिचे चांगले दिवस आहेत." मुलाचं लग्न अजून ठरलेलं नाही. पेटी दिवाळीत फोडायचं ठरलं आहे.