समोर असूनही नसलेला मित्र

काही माणसे आपल्याला दुरावतात ती मरणाने नव्हे. ती समोर असतात, पण त्यांचे मन कुठल्या कुठे निघून गेलेले असते. अशा माणसाची आठवण तरी कशी काढायची? 'पिंक फ्लॉइड' या इंग्रज वाद्यवृंदाने ती सुरांतून काढली. सप्टेंबर १९७५ मध्ये आलेल्या त्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'विश यू वेअर हिअर'. तू इथे असायला हवा होतास!

हा 'तू' म्हणजे प्रामुख्याने सिड बॅरेट. वृंदाचा पहिला गीतकार, गायक आणि गिटारवादक. पण त्याच्या मनाचा तोल ढळत गेला, नशेने त्यात भर घातली आणि १९६८ साली मित्रांना त्याच्यावाचून पुढे जावे लागले. १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ने त्यांना अफाट यश दिले. मात्र ज्याने पाया घातला, तोच ते यश वाटून घ्यायला सोबत नव्हता.

रेकॉर्डवर गाणी अवघी पाच. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' हे सुमारे २६ मिनिटांचे गाणे दुभंगून अर्धे आरंभी आणि अर्धे शेवटी ठेवले आहे. डेव्हिड गिल्मरच्या गिटारवरचे चार स्वर कुणाला तरी हाक मारावी तसे येतात. पहिला शब्द ऐकू यायला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. आलापात रमणाऱ्या श्रोत्याला हा संथपणा मुळीच परका वाटत नाही.

लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत या रेकॉर्डचे काम चालू असताना, ५ जून १९७५ रोजी, एक स्थूल माणूस आत आला. डोके आणि भुवयाही भादरलेल्या. बराच वेळ त्याला कुणी ओळखलेच नाही. तो सिड होता! ओळख पटली तेव्हा रॉजर वॉटर्सला रडू आवरेना. ज्याच्या विरहाची गाणी रचली, तो दारात आला. पण जुना मित्र काही परतला नव्हता.

सिड पुढे केंब्रिजमध्ये प्रसिद्धीपासून दूर राहिला आणि जुलै २००६ मध्ये वारला. रेकॉर्ड संपता संपता मात्र नीट कान द्यावा. विरत जाणाऱ्या सुरांत रिचर्ड राइट सिडच्याच १९६७ च्या 'सी एमिली प्ले' गाण्याची धून हलकेच वाजवून जातो. मित्राला परत आणता आले नाही, तरी त्याची जागा कुणी पुसली नाही.