हिरव्या ठेवीचे व्याज

ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारने 'ग्रीन सेव्हिंग्ज बाँड' काढले. पैसा पवनऊर्जा, स्वच्छ वाहतूक अशा कामांसाठी. मुदत ३ वर्षे, व्याज ०.६५ टक्के.

"महागाई ३ टक्क्यांवर गेली. हे व्याज की तीर्थप्रसाद?" इति आमची सौ.

हिशेब तिचा बरोबरच. पण कोळशाच्या वीजकेंद्राला कोळसा रोज विकत घ्यावा लागतो. पवनचक्कीला वारा फुकट, मात्र बहुतेक सगळा पैसा आधीच ओतावा लागतो. म्हणजे कर्ज स्वस्त, तर वीज स्वस्त! कोणीतरी कमी व्याज घेतल्याशिवाय कर्ज स्वस्त कसे होणार? मी १०० पौंड गुंतवले.

ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या बाँडवर ५.७ टक्के जाहीर झाले. त्या संध्याकाळी सौ.ने स्वतःच संगणक उघडला.